खाली कुठं असतं

ओहोटीला रोस्कॉफच्या वाळूवर हिरवे डाग उमटतात,
होडी रंगवणाऱ्याच्या हातून डबा लवंडावा तसे.
वाकून पाहिलं तर डाग हलतो.
तांदळाच्या कणीएवढे कृमी, लाखोंनी,
पोटात शेवाळ पाळून उन्हावर जगणारे.
पाय आपटला की
अख्खा डाग वाळूत उतरतो.
हळू चाल, सोइझिग म्हणते,
त्यांना पावलं कळतात.

कळतात ती एका खड्यामुळे.
डोक्यात, मेंदूच्या कुशीत,
नुसत्या डोळ्यांना न दिसणारा खडा:
तो ज्या बाजूला कलेल ती खाली.
आम्ही नेमकं त्याच्या मागे कापतो.

सोइझिगचा हात कापत नाही.
भिंगाखाली पातं टेकवते, उचलते.
बशीत डोकं एकीकडे, उरलेलं एकीकडे.
डोकं विरून जातं.
उरलेलं मरत नाही.
दिव्याखाली पडून राहतं,
आतलं शेवाळ उजेड शिजवत राहतं,
वरच्या मजल्यावर काही घडलंच नाही जणू.
"मालक गेले, नि गडी अजून चूल फुंकतायत,"
मी म्हटलं.
ती हसली नाही.

जानेवारीत तिचे वडील कांद्याच्या कोठारात कोसळले होते.
गोल्वेन.
पन्नास वर्षं गुलाबी कांद्यांच्या वेण्या सायकलला टांगून
समुद्रापलीकडे इंग्लंडात दारोदार विकलेले,
तीन भाषांत घासाघीस करणारे.
आता उजवा हात मांडीवर
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा,
आणि तोंडात एक शब्द नाही.
डॉक्टरांनी पडद्यावर अक्रोडाएवढी काळी जागा दाखवली.
इथं परत काही येत नाही, म्हणाले.
शेजारपाजारचं कधीकधी शिकतं.

सातवा दिवस. कापल्या कडेला पारदर्शक टोपी.
दहावा. नसांचे धागे पुढे सरकतात,
चाचपत, एकमेकांना चुकवत,
जत्रेत हात सुटलेल्या माणसांसारखे.
सोइझिग वहीत लिहिते:
अजून गोल गोल फिरतात. बशी उभी धरली
तरी त्यांना कशाचं काही पडलेलं नाही.

संध्याकाळी तिच्या घरी मी कांदे निवडते.
ती वडिलांपुढे काटा मांडते, पेला, पावाचा तुकडा.
फ्रेंचमध्ये नाव सांगते. थांबते. पुन्हा सांगते.
ते बघतात, लहान मूल पाहुण्याकडे बघतं तसे.

एका संध्याकाळी
डाव्या हाताने पेला सरकवत म्हणाले,
"दूर."

मी ऐकलं: दूर.
मला वाटलं, मलाच हटकतायत.
मग वाटलं, पलीकडचा किनारा आठवला असेल.
सोइझिगच्या हातातला पाव तसाच राहिला.
ब्रेटन भाषेत दूर म्हणजे पाणी.

शाळेत ही भाषा बोलला की
त्यांच्या गळ्यात लाकडी बूट अडकवायचे.
म्हणून त्यांनी ती लेकीच्या कानावर पडू दिली नाही.
तिला फक्त शिव्या येतात,
आणि भरती-ओहोटीची दोन-तीन नावं.
अख्खी थंडी ती एका दारावर थापा मारत बसली होती,
आणि ते बाहेर आले
ज्या घराची किल्लीच तिच्याकडे नव्हती
त्या घरातून.

काल बशी उभी धरून टिचकी मारली.
बत्तिसांपैकी एकोणतीस खाली गेले.
नवं डोकं, नवा खडा.
जुनी वाळू त्यांना आठवते का,
ते विचारायची रीत आमच्याकडे नाही.
तीन वरच राहिले, काचेला चिकटून.
सोइझिगने त्या तिघांची वेगळी बशी केली,
त्यावर तारीख घातली नाही.

मग नळाखाली हात धुता धुता
मागे न बघता विचारलं,
तुमच्यात पाण्याला काय म्हणतात?

मी सांगितलं.
तिने ते दोनदा म्हणून पाहिलं,
दुसऱ्यांदा ण जवळजवळ जमला.